दरडीवरचा तेरडा

माझ्या सासरी तेरडा उगवत नाही. धरमतरच्या खाडीला लागून आमचं गाव आहे. घरामागे बांध, बांधापलीकडे चिखल आणि कांदळवन, अलीकडे मिठागरं. उन्हाळ्यात अंगणातली माती जिभेला लावली तर खारट लागते. मी मूळची नागोठण्याच्या आतल्या अंगाची, भाताच्या आणि वालाच्या गावातली. आमच्याकडे श्रावण लागला की तेरडा शेताच्या बांधावर, गोठ्यामागे, रस्त्यासाठी खणलेल्या चरावर, कुठेही यायचा. लालसर रसरशीत दांडा, गुलाबी फुलं, एका पावसाचं झाड. तो आला याचं कुणाला कौतुक नव्हतं आणि दसऱ्यानंतर दिसेनासा झाला याचं दुःखही नव्हतं.

लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला सासूबाईंनी पेणच्या बाजारातून तेरड्याची जुडी विकत आणली, तेव्हा मला हसू आवरेना.

“हसतंस कशाला गो?” त्यांनी विचारलं.

“आमच्याकडं हा पायाखाली असतो, आई.”

“आन आमच्याकडं मीठ पायाखाली असतं. तुम्ही ते दुकानातून आणता ना?”

यावर माझी नणंद इतकी हसली की तिच्या हातातलं ताट कलंडलं. ती गौरीसाठी माहेरी आली होती. माझ्या नवऱ्याची ही एकच बहीण, त्याच्याहून थोडी मोठी. तिला रोह्याच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत दिलेलं. तिचा नवरा रोह्याला कंपनीत शिफ्टवर जायचा, घरी भात आणि वाल पिकायचे. येताना ती कडव्या वालांची पिशवी आणायची आणि जाताना मीठ, सुकट, वाकट्या घेऊन जायची. सासूबाई तिला नावाने कधीच हाक मारत नसत. नुसतं ‘बाय’ म्हणायच्या.

आमच्या घरात गौर म्हणजे तेरड्याची जुडीच. मुळांसकट आणायची, कारण मुळं हेच तिचे पाय. उंबऱ्यावर ते पाय धुवायचे, जुडीला मुखवटा बांधायचा, साडी नेसवायची आणि मग ती घरची माहेरवाशीण. आणणाऱ्या बाईने वाटेत बोलायचं नाही आणि मागे वळून बघायचं नाही. का, ते मी विचारलं होतं. सासूबाई म्हणाल्या, “मागं बघितलंस तर तिला वाटेल, घेऊन जायाचं मनात नाय.”

त्यानंतर काही वर्षं गेली. त्या साली आषाढात पाऊस उघडायचं नाव घेत नव्हता. नागोठण्यात अंबा नदीचं पाणी बाजारात शिरलेलं, आमच्या इथे बांधावर रोज माणसं पहाऱ्याला. अशाच एका संध्याकाळी नणंदेचा फोन आला. सासूबाईंना ऐकू कमी येतं म्हणून मी फोन मोठ्या आवाजावर लावून त्यांच्या पुढ्यात धरला.

“आई, इकडं ओढ्याला लाल पाणी येतंय,” नणंद म्हणाली. “आणि वीजपण नाय.”

“मग ये इकडं थोडे दिस.”

“आता कुठं? गाड्याच बंद हायत. औंदा गौरीला येते की. गौरीबरोबरच येते.”

तिच्यामागे पाऊस इतका वाजत होता की शेवटचं काही कळलं नाही. फोन कट झाला.

पहाटे डोंगर खाली आला. वाडीचा वरचा भाग, तिचं घर, सासू-सासरे, शेजारपाजार, सगळं मातीखाली. दाजी, म्हणजे तिचा नवरा, कंपनीत शिफ्टला होता म्हणून वाचला. मग रोजचं सुरू झालं. माझा नवरा तिथे जाऊन बसायचा, संध्याकाळी चिखलाने भरून परत यायचा, आणि सासूबाई दारातच विचारायच्या, “गावली?” काही जण सापडले. ती सापडली नाही. पाऊस थांबेना, वरून पुन्हा माती सुटायला लागली, तेव्हा शोध थांबवला. जे खाली राहिले त्यांची तीच जागा, असं ठरलं. दर्भाची बाहुली करून दाजींनी तिला अग्नी दिला. सासूबाई त्या वेळी तिथे होत्या, पण त्यांनी बाहुलीकडे पाहिलं नाही. त्या डोंगराकडे बघत होत्या.

त्या साली आमच्याकडे गौर आली नाही. सगळ्या गावात आल्या, आमचं दार मात्र तसंच राहिलं. गौरी बसतात त्या दिवशी सासूबाई सकाळपासून ओटीवर बसून होत्या. दुपारी मी जेवायला बोलवायला गेले तर म्हणाल्या, “येते म्हणाली होती.”

“आई...”

“नाय, मना म्हायत हाय. नुसतं सांगते तुला.”

दुसऱ्या वर्षी वर्षश्राद्धाला आम्ही वाडीवर गेलो. सासूबाई, मी आणि माझा नवरा. दरड जिथून सुटली होती तिथून खालपर्यंत डोंगराला लाल जखम पडलेली, मध्ये घराएवढे धोंडे, आणि एका अंगाला कलंडलेला आंबा, अजून हिरवा. नैवेद्य ठेवला. कावळा लगेच आला. पुरुष मंडळी खाली गेली तेव्हा मला ते दिसलं. त्या सगळ्या मातीवर, धोंड्यांच्या फटींतून, जिथे बघावं तिथे बोटबोट उंचीची रोपं आली होती. लाल दांडे, कातरलेल्या कडांची पानं.

“कसलं हाय गो हे?” सासूबाईंनी विचारलं.

मी सांगावं की नाही असं क्षणभर वाटलं. “तेरडा आहे.”

“कोणी पेरला?”

“कुणी नाही. माती उघडी पडली की येतो तो आपोआप.”

त्या खाली वाकल्या. एका रोपाला हात न लावता बघत राहिल्या.

गणपती आले. गौरीच्या आदल्या दिवशी मी बाजाराची पिशवी काढली तशी त्या म्हणाल्या, “बाजारात जाव नको. उद्या आपण रोह्याला जाव. तिला आणाया.”

माझ्या नवऱ्याने ऐकलं आणि तो हातातला चहा ठेवून उठला. “आई, डोकं ठिकाणावर हाय का? तिथं माणसं हायत खाली.”

“माणसं नाय. माझी पोरगी हाय.”

शेजारच्या काकीला कळलं तेव्हा तीही आली. वयाने सासूबाईंच्या बरोबरीची, बोलायला फटकळ. “मढ्यावरचा पाला देवीच्या पाटावर ठेवशील? घराला काय झालं तर?”

“काय व्हायचं राह्यलंय?” सासूबाई म्हणाल्या.

नवरा दुसऱ्या दिवशी आम्ही उठायच्या आधीच कामावर निघून गेला. मी गेले त्यांच्याबरोबर. कुणीतरी जायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती ती त्यांना एकटं सोडण्याची.

पेणहून एसटीने रोहा, तिथून सहा आसनी रिक्षाने फाटा, मग चढ. पाऊस नव्हता, कोवळं ऊन होतं. वळण संपलं आणि मी थांबलेच. आषाढात जी लाल जखम पाहिली होती तिचा लाल रंग कुठेच नव्हता. वरपासून खालपर्यंत सगळा उतार गुलाबी झाला होता. इतका दाट तेरडा मी माझ्या माहेरीही कधी पाहिला नव्हता. ती जखम जिथे जिथे पसरली होती तिथे तिथेच तो होता. शेजारच्या न हललेल्या डोंगरावर एक रोप नाही. त्या गुलाबीची कड नीट दिसत होती, ओली चादर अंगाला चिकटून खालचा आकार दिसावा तशी.

तिथे माणूस नव्हतं. आणि तरी आवाज येत होता. बारीक, टिक, मग थोड्या वेळाने लांबून दुसरा, टिक. मग कळलं, पिकलेली बोंडं फुटत होती. तेरड्याचं बी असंच उडतं, धक्का लागला तर लगेच, नाहीतर उन्हाने. लहानपणी आम्ही मुद्दाम दाबून फोडायचो. पण इथे ते मुद्दाम कुणी करत नव्हतं, आणि थांबतही नव्हतं.

सासूबाई झाडांतून चालत गेल्या. घर कुठे होतं ते आता कुणालाच सांगता आलं नसतं. विहीर नाही, वाट नाही, देऊळ नाही. त्या थोडं वर चढल्या, मग डावीकडे सरकल्या, मग परत खाली आल्या. एका जागी उभ्या राहून पायाने माती चाचपली. मी लांबून बघत होते. त्यांनी एका झाडाला हात घातला तसं एक बोंड त्यांच्या तळव्यात फुटलं. त्या दचकल्या, हात मागे घेतला, मग मूठ उघडून बघितली. बोंडाची सालं गोल वळून त्यांच्या बोटाला आवळून बसली होती. तेरड्याची सालं तशीच वळतात. तान्हं मूल बोट धरतं तशी.

“धरला बघ तिनं,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, त्यात रडणं नव्हतं. “चल गो बाय. जाव घरी.”

झाडं अलगद निघाली. तेरड्याची मुळं खोल नसतात. मुळांना लाल माती धरून होती. त्यांनी ती झाडली नाही. ओल्या फडक्यात जुडी गुंडाळली, छातीशी धरली आणि उतरायला लागल्या. तिथून पुढे त्या बोलल्या नाहीत आणि त्यांनी मागेही पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही. पाठीमागे बोंडं फुटत होती आणि मला सारखं वाटत होतं की आवाज आमच्याबरोबर खाली येतोय. एसटीत शेजारच्या बाईने कौतुकाने विचारलं, “गौर कुठली हो, मावशी?” सासूबाई समोर बघत राहिल्या. मी म्हटलं, “त्यांच्या मुलीच्या गावची.”

उंबऱ्यावर मी गौरीचे पाय धुतले. परातीतलं पाणी लालभडक झालं. आतापर्यंतच्या गौरींचं पाणी कधी असं झालं नव्हतं, कारण बाजारातली मुळं धुतलेलीच असायची. काकी दारात उभी होती, ती परातीकडे बघून निघून गेली. माझा नवरा आतल्या खोलीत होता. मुखवटा बांधून, साडी नेसवून झाल्यावर तो बाहेर आला, लांबूनच नमस्कार केला आणि पटकन वळला. ती साडी नणंदेची होती, एका गौरीला ती माहेरीच विसरून गेलेली. मला हे साडीची घडी मोडताना कळलं. सासूबाईंना आधीच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाहेरून आले तर आत बोलणं चाललं होतं. सासूबाई पाटापुढे पाय पसरून बसल्या होत्या आणि गौरीला वर्षाची हकीकत सांगत होत्या. कुणाच्या घरी मूल झालं, कोणाची होडी बुडाली, बांध कुठे फुटला. मधे थांबत होत्या. थांबून ऐकावं तशा, आणि मग मान हलवून “व्हय ना” म्हणून पुढे सांगत होत्या. एकदा तर हसल्या. मी चौकटीशी उभी राहिले, मला आत पाऊल टाकता येईना. म्हातारीला वेड लागलंय असं मनात आलं असतं तर बरं झालं असतं. पण माझ्या मनात आलं ते वेगळंच. मी मुखवट्याखालच्या तेरड्याकडे बघत होते आणि मला वाटत होतं, आता सासूबाई गप्प झाल्या आहेत, म्हणजे तिची बोलायची पाळी आहे.

विसर्जन आमच्याकडे खाडीत होतं. सगळ्या बायकांबरोबर आम्ही गेलो, ओहोटी लागलेली, जुड्या पाण्यावर सरकत बार्जच्या धक्क्याकडे निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीने त्यातली एक परत आणून बांधाच्या दगडांवर टाकली. फुलं खाऱ्या पाण्याने काळी पडलेली. कुणाची होती सांगता येत नव्हतं, सगळ्या सारख्याच. सासूबाईंनी ती उचलली. “आपलीच हाय,” म्हणाल्या. अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा करून त्यांनी ती पुरली, वर गोडं पाणी घातलं, पुढच्या पावसात रोज तिथे जाऊन बघत राहिल्या. काही आलं नाही. खाऱ्या जमिनीत ते झाड धरत नाही.

मग दरवर्षी तसंच होत गेलं. नवऱ्याने विरोध करणं सोडलं. काकी पहिल्यासारखी हळदीकुंकवाला यायला लागली. गावाला सवय झाली. मला मात्र झाली नाही. श्रावण संपत आला की मला धाकधूक व्हायची. कशाची, ते नेमकं सांगता येत नाही. तिथली ती टिकटिक माझ्या कानात आधीच सुरू व्हायची.

मधल्या काळात दाजींनी दुसरं लग्न केलं. रोह्यात खोली घेऊन राहिले. तरुण माणूस, मागेपुढे कुणी नाही, कुणी नावं ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण ते सांगायला आले तेव्हा सासूबाईंनी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. ओटीवरूनच म्हणाल्या, “माझी पोर तुमच्या गावच्या मातीत पडलीय, आन तुम्ही हळद लावून घेतली. आता या उंबऱ्याला पाय लावू नका.” दाजी खाली मान घालून निघून गेले. त्यानंतर ते कधी आले नाहीत.

तिकडे दरडीवर हळूहळू बदल होत होता. आधी मला जाणवलं नाही. एका वर्षी गुलाबीत मधेमधे हिरवं गवत दिसलं. मग झुडपं आली, घाणेरी, रानकेळी, करवंदीची जाळी. तेरड्याला उघडी माती लागते. दुसरी झाडं पाय रोवून बसली की तो मागे सरतो. डोंगर भरून येत होता, खरं म्हणजे चांगलंच होत होतं. पण सासूबाई दरवर्षी तिथे उभ्या राहून म्हणायच्या, “लांब चालली गो ती. आधी कवढी होती!” एका वर्षी पाच-सहा झाडांसाठी आम्हाला सगळा उतार धुंडाळावा लागला. परतताना एसटीत त्यांनी जुडी इतकी घट्ट धरली होती की दांड्यांचं पाणी निघून त्यांचं लुगडं भिजलं.

त्यानंतर त्यांचे गुडघे गेले. चढ चढणं शक्यच नव्हतं. मला म्हणाल्या, “तू जा. बोलू नको. मागं बघू नको. आन नाय गावली तर... नाय गावली तर मना खोटं आणून देव नको.”

मी एकटी गेले. मनाची तयारी करूनच गेले होते की रिकाम्या हाताने यावं लागणार. सगळा उतार माणसाएवढ्या रानाने झाकला होता. जुनी माणसं सांगतील तेव्हाच कळावं की इथे काही झालं होतं. पण कलंडलेल्या आंब्याच्या खालच्या अंगाला, अगदी एका खोलीएवढ्या जागेत, दाट तेरडा उभा होता. त्याची कड पुन्हा तशीच नीट. रान तिथपर्यंत येऊन थांबलेलं.

मी पुढे जाणार तोच आंब्याच्या बुंध्यामागून कुणीतरी उठलं. किंचाळले की नाही आठवत नाही.

“मी हाय, वहिनी,” दाजी म्हणाले. हातात विळा होता. केस पांढरे झालेले. “घाबरू नका. आई नाय आल्या?”

मला बोलायचं नव्हतं, गौर न्यायची होती. पण अजून झाड उपटलं नव्हतं, म्हणून बोलले. “गुडघे धरलेत त्यांचे. तुम्ही इथं कसे?”

“दरवर्षी असतो. तुम्ही दोघी येता तेव्हा वर जाळीत बसतो. मी दिसलो तर त्यांना बरं नाय वाटणार.”

“ही जागा तुम्ही साफ केली?”

त्यांनी मान हलवली. “औंदा पाऊस पडायच्या आधी येऊन रान काढलं, माती मोकळी केली. नाय केलं तर हा येणार नाय. मागच्या साली आई कशा शोधत होत्या ते बघितलं मी वरनं. मग म्हटलं, आपण एवढं तर करावं.” ते थांबले. “वहिनी, वरवरच खरडलं. खोल नाय खणलं. एकदा कुदळ जरा खाली गेली आणि कशाला तरी लागली. दगड असेल. मी बघितलं नाय. तशीच माती लोटली.”

आम्ही दोघंही त्या जागेकडे बघत राहिलो. एक बोंड फुटलं.

“त्यांना सांगू नका,” दाजी म्हणाले, आणि उतरून गेले.

मी जुडी आणली. बोलले नाही, मागे पाहिलं नाही. घरी सासूबाई उंबऱ्याआत खुर्चीवर बसून होत्या. पाय धुवायला परात पुढे ओढली तशी त्यांनी माझा हात धरला. मुळांची माती चिमटीत घेतली, चुरली. आयुष्य मिठाच्या आगरात गेलेलं, त्यांना माती हाताला कळायची.

“ही भुसभुशीत हाय,” त्या म्हणाल्या. “रानातली नाय. कोण उकरतं तिकडं?”

गौर अजून उंबऱ्याबाहेर होती, मला बोलायचं नव्हतं.

“कोण गो?”

“दाजी,” मी म्हटलं.

त्यांनी हात सोडला. मी पाय धुतले, गौर आत घेतली. रात्री त्या जेवल्या नाहीत. सकाळी मला वाटलं आता त्या पाटापुढे बसून नेहमीसारखं बोलतील. त्या बसल्या, पण बोलल्या नाहीत. नुसत्या बघत होत्या. बराच वेळ गेल्यावर माझ्या नवऱ्याला हाक मारून म्हणाल्या, “जावयाला फोन लाव. आज गौरीच्या जेवणाला या म्हणावं. दोघंपण या.”

ते आले. दाजी उंबऱ्यापाशी थबकले, चपला काढून हातात घेऊन उभे राहिले. त्यांची बायको मागे, बारीक अंगाची, हिरवी साडी, नारळ आणि कडव्या वालांची पिशवी घेऊन आलेली. सासूबाईंनी दाजींना “बसा” म्हटलं, एवढंच. तिला मात्र हाताला धरून गौरीसमोर नेलं, कुंकू लावलं, ओटी भरली. मग तिच्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, “बाय, वालात मीठ कमी घालतंस तू. कवाची सांगते.”

माझ्या नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. दाजींनी डोळे मिटून घेतले. ती बाई क्षणभर गोंधळली, पाटावरच्या साडीकडे तिची नजर गेली, आणि मग ती म्हणाली, “व्हय आई. पुढल्या वेळेला बघते.”

सासूबाईंना त्यानंतर तिच्यातला आणि गेलेल्या मुलीतला फरक कधी कळतो, कधी नाही. कळतो त्या दिवशी त्या तिला “रोहेवाली” म्हणतात. तेरडा मात्र अजून तिथूनच येतो. आता दाजी स्वतः आणतात, न बोलता, मागे न बघता, बायकांचं काम असूनही. माझी सुटका झाली म्हणायची. तरी भाद्रपदात मला नीट झोप लागत नाही.

मागच्या गौरीला ते दोघं जायला निघाले तेव्हा दाजी पुढे रिक्षा बघायला गेले आणि मी तिच्याबरोबर फाट्यापर्यंत चालत होते. मिठागरांत पावसाचं पाणी साचलं होतं.

मग म्हणाली, “वहिनी, त्या कशा होत्या?”

मी सांगायला तोंड उघडलं. नणंदेचा चेहरा आठवत होता, ती साडी, तिची चालायची पद्धत. आवाज आठवेना. शेवटच्या फोनमधला पाऊस तेवढा ऐकू येत होता. मी म्हटलं, “उंच होत्या. आणि घाईच्या. सगळं घाईघाईने करायच्या.”

तिने मान हलवली. “एक विचारायचं होतं. यांना नाय सांगितलं. आमच्या गॅलरीत तुळशीची कुंडी हाय. तिच्यात औंदा तेरडा आलाय. मी पेरला नाय. यांच्या विळ्याला, चपलांना लागून बी आलं असेल, असं मी म्हणते. फुलं धरलीत त्याला. दुपारी घरात मी एकटीच असते ना... तो फुटतो तेव्हा मला वाटतं, कुणी दार वाजवलं.” ती थांबली. “उपटू का ठेवू?”

“ठेवा,” मी म्हटलं. “एका पावसाचं झाड आहे. आपोआप जातं.”

“आणि त्याचं बी?”

दाजी रिक्षातून हात करत होते. ती पदर सावरून भराभर पुढे गेली. मी तिथेच उभी राहून गाडी वळेपर्यंत बघत होते, आणि तिला काय सांगायला हवं होतं ते मला अजूनही सुचलेलं नाही.